दाराशी ठेवलेलं लोखंड

९ जानेवारी

फिरकीस,

आजीकडून आधी एक टपली, मग आशीर्वाद. दोन्ही डोक्यावरच पडतात, म्हणून वेगळे मोजत बसू नकोस.

अक्षर बघून तू कागद पालथा घातला असशील. तो परत सुलटा कर. हो, हे तुझ्या बापाचंच अक्षर. शेजारच्या शिंपीणबाई, इतकी वर्षं माझी पत्रं ज्या लिहायच्या, त्यांच्या बोटातून मशीनची सुई आरपार गेली. बोटाला एवढं मोठं गाठोडं बांधून फिरतायत. मी तर अक्षरशत्रू. फोनवर तुझा आवाज डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा येतो. मी आपली हो हो म्हणते, आणि मागाहून कळतं की तू विचारत होतीस, आजी, पुन्हा पडलीस का. मग उरलं कोण? घरात माणसं दोन. एक मी, एक हा.

मी नाही लिहिणार, म्हणाला. मी म्हटलं, लिहायला कोण सांगतंय, उतरवायचं आहे. लोकांची ड्रॉइंगं आणून लेथवर जसंच्या तसं काम काढतोस, तेव्हा ड्रॉइंग आवडलं की नाही असं कुणी विचारतं का तुला? तसंच हे. मग बसला. मान खाली, ओठ घट्ट. आता मी त्याच्याबद्दल काहीही बोलले तरी त्याला स्वतःच्या हाताने लिहावं लागणार आहे. एवढी मौज मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती.

तर लिही बाबा: हिचा बाप बरा आहे. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वरच्या फळीवरचा डबा काढायचा झाला तर स्टुलावर चढतो, आणि मी बघतेय असं दिसलं की सांगतो, फळी पुसायला चढलो. दोन वर्षांत एवढी फळी पुसली आहे की तिचं लाकूड झिजून जायचं.

दोन वर्षं झाली, फिरके. तू पत्रात त्याची खुशाली विचारत नाहीस आणि तो इथे बसून तुझी विचारत नाही. तुझी आई गेल्यापासून आपण तिघंच होतो, आणि तिघांतली मधली मी. तुम्हा दोघांची वजनं दोन्हीकडून माझ्याच मानेवर.

जुनं उकरू नये म्हणतात. मी उकरते, कारण आज लिहिणारा पळून जाऊ शकत नाही. बापाची कंबर धरते म्हणून तू तो लोखंडी हात बनवलास. बारा किलोचा ओतीव तुकडा जमिनीवरून उचलायचा आणि लेथच्या जबड्यात नेऊन द्यायचा. मोटर नाही, वीज नाही. पुढे पंजा, मागे डब्यात लोखंडी चकत्या, मधे पिन, आणि सगळं उचलण्याऐवजी नुसतं ढकलावं असं. पिनी आणि त्या ज्यात फिरतात ते बुश याने घडवले, हिशेब तू केलास. महिनाभर जेवतानासुद्धा तुमच्या त्याच गप्पा, आमटी निवून जायची. मग एका सकाळी याने तुकडा जबड्यात दिला, पंजा उघडला, आणि रिकामा झालेला हात उसळून वर आला तो वाकलेल्या याच्या खांद्यावर. हाड दोन ठिकाणी मोडलं.

दवाखान्यातून आल्यावर तू डब्यातल्या चकत्या मोजल्यास. बरोबर भरल्या. तू म्हणालीस, बाबांनी मागे जास्तीचं वजन टाकलं असणार आणि आता काढून ठेवलंय. तो म्हणाला, मी बोट लावलं नाही, तुझा हिशेबच चुकला. तू म्हणालीस, खोटं बोलता. तो म्हणाला, असल्या हिशेबाने एक दिवस माणूस मारशील. तिसऱ्या दिवशी तुझी बॅग दारात.

आणि मी? मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. तेही लिही.

आता याचं बोट आखडलं म्हणतो. लेथ दिवसभर चालवतो तेव्हा नाही आखडत.

अंगठा उठवला आहे, शाई जरा जास्त झाली.

तुझी आजी


२८ जानेवारी

फिरकीस, टपली आणि आशीर्वाद मागच्यासारखेच.

तुझं पत्र आलं. वाचून कुणी दाखवलं ते सांगायला नको. घसा सहा वेळा खाकरला. तू त्याचा उल्लेख एकदाच केलायस, तोही "ते" म्हणून: "ते औषध घेतात ना." अगं, शेजारच्या म्हाताऱ्याबद्दल लिहावं तसं. हा वाचताना तिथे अडला आणि मग घाईघाईने पुढे गेला, खड्ड्यावरून सायकल न्यावी तसा. मी म्हटलं, मागे ये, नीट वाच. नीट वाचलं. मग पाणी प्यायला उठला.

मला एक शंका आली. मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट सांगितली होती आणि तू त्यावर चकार शब्द काढला नाहीस. तू काही अशी गप्प बसणारी नाहीस. याला विचारलं, तर म्हणतो, विसरली असेल. मी खोदून विचारलं. शेवटी कबूल झाला की ते वाक्य त्याने लिहिलंच नव्हतं. बघ, पन्नाशी उलटली तरी आईला फसवायची हौस फिटत नाही. आता पद्धत बदलली आहे. पत्र संपलं की शिंपीणबाई ते मला मोठ्याने वाचून दाखवणार. त्यांचं बोट कामातून गेलंय, डोळे नाहीत. त्यांनी होकार दिला की मगच पाकीट चिकटवायचं.

तर ते गाळलेलं वाक्य हे: तुझा तो हात भंगारात देतो, भंगारात देतो असं हा दोन वर्षं म्हणतोय, आणि दर रविवारी ताडपत्री काढून त्याच्या पिनींना तेल घालतोय.

लिहिलंस? दाखव. मला वाचता येत नाही, पण ओळ केवढी असायला हवी ते कळतं.

तू तुझ्या नव्या कामाचं लिहिलंस ते मला फार आवडलं. ज्या आजाऱ्याच्या दंडात जोर उरला नाही, त्याचा हात खालून हलकेच तोलून धरायचा, म्हणजे घास त्याचा त्याला तोंडापर्यंत नेता येईल. कुणी भरवायला नको. मला आपलं रेल्वेचं फाटक आठवलं. आठ माणसांना उचलणार नाही एवढा लांब दांडा, रस्त्यावर आडवा, आणि मी काटकुळी बाई तो एका हाताने वर करायची. येणारी-जाणारी माणसं म्हणायची, बाईच्या अंगात काय बळ आहे. बळ कसलं डोंबलाचं. बळ दांड्याच्या मागच्या टोकाला, लोखंडं भरलेल्या डब्यात होतं. तुझे आजोबा गेल्यावर रेल्वेने ती नोकरी मला दिली. साहेबाने विचारलं, वाचता येतं का? मी म्हटलं, गाडी येताना दिसते. तेवढ्यावर बावीस वर्षं काढली.

आणि तू. सात वर्षांची होतीस, गुपचूप जाऊन त्या डब्यावर बसायचीस. एकदा गाडी जायच्या आधीच दांडा उचलला गेला. तुझ्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली होती, आणि तू वरून विचारतेस, आजी, मी एवढी छोटी आणि तो एवढा मोठा, मग तो कसा उठला? मी तुला टपली मारली. पहिली तीच. उत्तर काही दिलं नाही, ते तू पुढे कॉलेजात जाऊन शोधलंस.

फाटक विजेवर गेलं तेव्हा साहेबाने विचारलं, आठवण म्हणून काय हवं. मी डब्यातलं एक लोखंड मागून घेतलं. तो हसला. ते अजून माझ्या खोलीच्या दाराशी आहे, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून ठेवलेलं. रोज दिसतं.

बरं, पुरे. शिंपीणबाई आल्या वाचायला.

आजी


१६ फेब्रुवारी

फिरके,

आज टपली नाही.

तुझं पत्र याने वाचलं, मग मी त्याला पुन्हा वाचायला लावलं. तू ते काम सोडतेयस. टेबलावर बसून कागद तपासायचं काम मागून घेतलंयस. साहेबांनी महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितलंय, मग तुझ्या जागी दुसरा माणूस. का, तर दोन वर्षं तू तोच जुना हिशेब रोज मांडतेस आणि चूक सापडत नाही. आणि जिची चूक तिलाच सापडत नाही, तिने आजारी माणसाच्या हाताखाली लोखंड ठेवू नये. असंच लिहिलंयस ना. "एकदा माझ्या हिशेबाने माणूस मोडला आहे, आजी. तो माझा बाप होता."

या वेळी "ते" लिहिलं नाहीस. याने ते वाक्य दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी मी सांगितलं नव्हतं.

मग उठून लेथच्या शेडमध्ये गेला. मी मागून जाऊन पाहिलं. रविवार नव्हता, तरी ताडपत्री काढली होती. डब्यातल्या चकत्या एकेक बाहेर काढून ओळीने मांडत होता आणि मोजत होता. मोजून झाल्या की परत पहिल्यापासून. मला म्हणाला, पोर चुकत नव्हती कधी. मग कुठे चुकली?

मी त्याला उत्तर दिलं नाही. तुलाही आज देत नाही. पत्र छोटं आहे, ते छोटंच राहू दे. एवढंच सांगते की साहेबांना अजून पक्कं काही सांगू नकोस. माझ्यासाठी आठ दिवस थांब. म्हातारीने आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, एक चष्म्याची दोरी सोडली तर, आणि तीही तू आणली नाहीस.

आजी


१९ फेब्रुवारी

फिरके,

आज बापाला आधीच बजावलंय. मी सांगेन ते लिहायचं, मधे उठायचं नाही, मधे बोलायचं नाही. थांबलास तर थांबलास असंही लिहायचं. कबूल झालाय. त्याला वाटतंय, म्हातारी मृत्युपत्र करतेय.

तुझ्या हिशेबात चूक नाही. तुझ्या बापाने त्या डब्याला बोट लावलं नव्हतं. तुम्ही दोघं दोन वर्षं खरं बोलताय आणि एकमेकांना खोटं ठरवताय. वजन मी टाकलं होतं.

लिही. असा बघू नकोस माझ्याकडे, कागदाकडे बघ.

आदल्या दिवशी मी शेडच्या दारात भाजी निवडत बसले होते. पंज्यात तुकडा आला की हात खाली झुकतो, आणि हा कमरेला हात लावून तो वर ढकलतो, असं मी पाहिलं. तू मला सांगितलं होतंस, आजी, मी तो मुद्दाम अर्ध्या भाराला जुळवलाय. भरला की थोडा खाली जाईल, रिकामा झाला की थोडा वर, आणि दोन्ही वेळा पिनीवरची घट्ट पकड त्याला धरून ठेवेल. मी मान हलवली होती. मान हलवायला काय जातं. माझ्या डोक्यात बावीस वर्षं एकच नियम बसलेला: दांडा झुकला, मागे वजन टाक. पावसात लाकूड पाणी पिऊन जड व्हायचं, तेव्हा मी एक लोखंड वाढवायची. ऊन पडलं की काढायची. मला कुणी शिकवलं नव्हतं आणि कधी चुकलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू ग्रीस आणायला गेलीस, हा चहाला आत आला. मी दाराशी ठेवलेलं लोखंड उचललं, आधी स्टुलावर, मग डब्यात. दमले, पण मनात म्हटलं, पोराची कंबर वाचेल. तुला सांगणार होते. तू आल्यावर ऐटीत सांगणार होते, की कॉलेज तुझं आणि अक्कल माझी.

हा चहा पिऊन आला. तुकडा उचलला आणि हसला. म्हणाला, "आई, बघ, पिसासारखा चाललाय. पोरीने कमाल केली."

थांबलाय. पेन खाली ठेवलंय. मी म्हटलं तसं, हेही लिही.

फिरके, फाटकाचा दांडा हातातलं कधी सोडत नाही. तो सकाळी जेवढा, तेवढाच संध्याकाळी. तुझा हात सोडतो. एवढाच फरक होता, आणि तो माझ्या ध्यानात आला नाही. याने पंजा उघडला आणि माझं लोखंड मागे तसंच बसलेलं.

तुम्ही दोघं दवाखान्यात गेलात. शिंपीणबाईंनी मला पाणी दिलं आणि त्या गेल्या. मग मी ते लोखंड काढलं आणि दाराशी नेऊन ठेवलं. घाबरून नाही, असं म्हणणार होते, पण आज खोटं नको. घाबरूनच. पहिल्या दिवशी याला कळा येत होत्या, तेव्हा कसं सांगू. दुसऱ्या दिवशी तुम्ही भांडत होतात, माझं कोण ऐकतंय. तिसऱ्या दिवशी तू गेलीस. त्यानंतर भांडण एवढं मोठं झालं की माझी गोष्ट त्याच्या पासंगालाही पुरणार नाही असं वाटायला लागलं. आणि खरं विचारशील तर वेगळंच. तुझ्याकडे बाप राहिला नव्हता, याच्याकडे लेक राहिली नव्हती. दोघांकडे मी तेवढी होते. सांगितलं की तेही जाणार. मला ते सोडवेना.

रोज त्या लोखंडाला वळसा घालून मी झोपायला जाते. हाही जातो त्याच दारावरून. एकदा याचा अंगठा त्यावर आपटला, तर म्हणाला, कशाला ठेवतेस हे मधे. मी म्हटलं, वारा असतो.

आता हा उठलाय. ठरलं होतं उठायचं नाही म्हणून, पण उठला.

परत आलाय. काखेत लोखंड घेऊन, डाव्या. शेडमधला वजनकाटाही ओढत आणलाय. मला विचारतो, "आई, डब्यात कुठे ठेवलं होतंस? पुढच्या बाजूला की अगदी मागे?" मी म्हटलं, "मधोमध." आता खाली त्याला त्याचं त्याचं काहीतरी लिहायचंय. काय, विचारलं तर म्हणतो, आकडे.

माझा अंगठा उठवायला जागा ठेव म्हटलंय.

आजी

लोखंड काट्यावर टाकलं. नऊ किलो. डब्याचा मध्य पिनीपासून सत्तर सेंटीमीटर. पंजा एकशे चाळीस. आज दोन्ही पुन्हा मोजले.

डब्याच्या तळाला एक ओरखडा आहे. मी तो तेव्हाच पाहिला होता. तुझ्या चकतीचा समजलो.

हिशेब तू कर. माझा खांदा आता दुखत नाही.

बाबा


५ मार्च

फिरकीस, टपली आणि आशीर्वाद, दोन्ही थकबाकीसकट.

हे अक्षर शिंपीणबाईंचं. बोट बरं झालं, थोडं वाकडं राहिलंय, म्हणून वेलांट्या तिरक्या दिसतील. बापाकडून हे पत्र लिहून घेतलं नाही, कारण त्याला ते वाचायचं नाहीये, आणायचं आहे. टपालाने येणार नाही हे. देणारा माणूस या वेळी तुझ्या दारात उभा असेल. त्याला आत घे, मग वाच. किंवा आधी वाच, पण उभं फार ठेवू नकोस.

तुझी तार-बिर काय म्हणतात ती फोनवर आली, त्याच्याच. मी चुलीशी होते. हा फोन घेऊन माझ्याजवळ आला. मग वाचलं: "रिकाम्या हाताचे सहा. आजीचे नऊ, अर्ध्या अंतरावर, म्हणून साडेचार. मिळून साडेदहा. पकड नऊपर्यंतचीच होती." एवढंच. मला कळेना यात रडण्यासारखं काय आहे. मी म्हटलं, आकडे तर आहेत. हा म्हणाला, "आई, जुळतंय. तिचं सगळं जुळतंय." आणि लहानपणी शाळेतून पडून यायचा तसा जमिनीवर बसला.

मागून तुझं पत्र आलं. माझ्यावर रागावली आहेस, ते समोर आल्यावर बोलू म्हणतेस. बोल. मी काही फाटक आडवं टाकून बसणार नाही. दोन वर्षांचा राग आहे, एका बैठकीत संपवू नकोस, चार दिवस राहून संपव. काम सोडत नाहीस हे साहेबांना सांगितलंस, ते बरं केलंस. तुझ्या नव्या हाताच्या डब्याला झाकण बसवतेयस आणि झाकणाला कुलूप, म्हणजे कुणी येऊन मागे वजन टाकू नये. माझी बदनामी लोखंडात कोरून ठेवतेयस म्हण की. पण ठेव. जगात माझ्यासारख्या शहाण्या म्हाताऱ्या खूप आहेत.

पत्राच्या शेवटी तू बापाला लिहिलंयस की तिकडे कुणाला पितळेचे बुश हवे तेवढे चोख काढता येत नाहीत, दोन पाठवाल का. त्याने चार काढलेत. दोन दिवस शेडमधून बाहेर आला नाही. मग म्हणाला, टपालात हरवतील, मीच नेतो. चार बुश, सगळे मिळून मुठीएवढे. मी म्हटलं, हो, हो, फार नाजूक माल.

निघायची तयारी करताना लेथशी बोलत होता. मी दाराआडून ऐकलं. तुला काय म्हणायचं त्याची तालीम चालली होती. "माणूस मारशील" म्हणालो ते, एवढं बोलायचा आणि अडायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. तुझ्यासमोर तो यातलं काहीही बोलणार नाही, बुश दाखवत बसेल. तू बुश नीट बघ. बोटाने फिरवून बघ. त्याला तेवढं कळेल.

त्याच्याबरोबर माझ्या दाराचं लोखंड पाठवलंय. मला नको ते आता. दाराला लाकडाची पाचर ठोकून घेतली. तू ते तुझ्या टेबलाशी ठेव. नवा हात झाला की एकदा त्याच्या डब्यात हे टाकून बघ, कुणी म्हातारी टाकून गेली तर काय होतं ते. मग कुलूप लाव.

शेवटचं एक. त्या दिवशी खाली आकड्यांबरोबर त्याने लिहिलं होतं ना, खांदा आता दुखत नाही. शिंपीणबाईंनी मला वाचून दाखवलं. बाकीचं सगळं खरं होतं, तेवढं खोटं आहे. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. बुश त्याच्या खिशात असतील, ते तो स्वतः काढेल. पिशवी मात्र आधी त्याच्या हातातून घे. नऊ किलोची आहे.

आजी